चौतीस दाखले

तहसील कचेरीत तेवीस वर्षं मी टंकलेखक होतो.
उतारे, नोटिसा, हैसियतीचे दाखले,
आणि एकदाच, एप्रिल सरताना,
चौतीस मुक्तता-दाखले.
कन्हानपलीकडच्या वीटभट्टीवरून
टेम्पोत भरून आणलेली माणसं
व्हरांड्यात उकिडवी बसलेली,
राखेने सगळ्यांच्या भुवया एकाच वयाच्या.

सदर इसम आजपासून बंधमुक्त असून
त्याच्याकडे कोणतेही कर्ज येणे नाही.
हे वाक्य चौतीस वेळा.
चौदाव्या दाखल्याला माझ्या बोटांना कळलं
की हे तर आपण लहानपणापासून
दर रविवारी ऐकत आलोय,
फक्त शिक्का वेगळा.

सुकवारो. छत्तीसगडातलं कुठलंसं गाव.
तिचा अंगठा उमटेना.
शाईच्या पॅडवर दोनदा, तीनदा,
कागदावर नुसता निळा ढग.
ती काही बोलली नाही. नवऱ्याने आपला हात पुढे केला,
तोही गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा.
नायब साहेब म्हणाले, पायाचा घ्या मग.
सगळे हसले.
मीही.

माझा पणजोबा पाटलाच्या वेठीतून पळून
मिशनच्या आवारात आला.
पाण्यात उतरला येसाजी, वर आला योना.
मग पस्तीस वर्षं साहेबाच्या बंगल्यात
नागपूरच्या उन्हाळ्याला वारा घातला
पायाच्या अंगठ्याला पंख्याची दोरी बांधून.
हे सांगताना आजोबा इथे थांबायचे.
पण रविवारी सुट्टी असायची, म्हणायचे.

प्रभू, ते माझं हसणं
तू कुठल्या रकान्यात लिहिलंस?

दाखला घडी करून कमरेला खोचताना
सुकवारोने एवढंच विचारलं,
अउ हमर आखरी पंदरा दिन के पइसा?
अहो बाई, सुटलात ना, नायब साहेब म्हणाले,
गाडी चुकेल.

मिसरातून तू कुणाला
रिकाम्या हाताने काढलं नव्हतंस.
शेजाऱ्यांकडून सोनं-रुपं मागून घ्या, म्हणालास.
मला लहानपणी ती चोरी वाटायची.
संडे स्कूलच्या शेवंताबाईंना विचारलं
तर त्यांनी विषय बदलून
समुद्र दुभंगल्याचं चित्र रंगवायला दिलं.
आता कळतं, ती थकलेली मजुरी होती,
शेकडो वर्षांची,
आणि हिशेबाचा तू किती पक्का आहेस.

समुद्र सगळ्यांना आठवतो.
पंधरा दिवस कुणाला आठवत नाहीत.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत,
आमच्या देवळाच्या आवाराला भिंत झाली होती.
खजिनदार मी. तीन दरपत्रकं आली,
सगळ्यात स्वस्त मी निवडलं, खाली सही केली,
वळणदार.
मे महिन्यात एका दुपारी
भिंतीच्या सावलीला टेकलो
तर डोळ्यांसमोरच्या विटेवर चार बोटं.
ओली असताना कुणी उचललेली.
मी माझी बोटं लावून पाहिली.
करंगळीसुद्धा मावली नाही.

चिखल तूही मळलास ना, आरंभी?
तुझ्या अंगठ्यावर रेषा उरल्यात का,
की तुलाही दरवेळी
पुन्हा दाब, पुन्हा दाब म्हणतात?

तेव्हापासून प्रभुभोजनाला हात पुढे करताना
मी माझा अंगठा बघतो.
सगळ्या रेषा शाबूत.

पुढच्या ईस्टरआधी पाळकसाहेब म्हणाले,
भिंतीला गिलावा करून घेऊ, बरं दिसेल.
मी म्हटलं, करा,
पण कोपऱ्यातली ती एक वीट राहू द्या.
काहून जी? गवंडी हसून म्हणाला.
मंडळीसमोर मला धड सांगता आलं नाही.
म्हणालो, तिथं ओल येते.

अगदीच खोटं नव्हतं ते.